ऋतुराजचं मशीन गार ठेवताना

७ मे
अबुजर म्हणाला, "काका, मशीन किती तापलंय तो आकडा अधूनमधून बघत जा आणि लिहून ठेवा. नव्वदच्या वर गेला की मला फोन करा." म्हणून ही जुनी डायरी काढली. सकाळपासून लिहितोय. ८८. ९१. ९३. परत ९३. पण नुसते आकडे लिहून हात थांबत नाही, म्हणून बाकीचंही लिहितो.

आमचा पोरगा ऋतुराज शुक्रवारी संध्याकाळी पैठण रोडनं गाडीवर येत होता. चितेगावजवळ कंपन्या सुटायची वेळ, रस्ता भरलेला. मागून टेम्पोनं उडवलं. हेल्मेट होतं, तरी डोक्याला मार लागलाय. आयसीयूत आहे. अजून शुद्धीवर नाही.

वरच्या खोलीत त्याचं मशीन चालू आहे. मशीन म्हणजे त्याचा मोठा कॉम्प्युटर. तो कॉलेजात शिकवतो आणि पीएच.डी. करतो. जमिनीखालचं पाणी एका गावातून दुसऱ्या गावाकडं कसं सरकतं आणि कुठल्या शिवारातलं कधी संपंल, याचं त्याचं गणित. एप्रिलच्या अखेरीला त्यानं ते चालू केलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, की वरच्या खोलीत झाडू मारायलासुद्धा जायचं नाही, कुणाचा धक्का लागंल. महिना-दीड महिना चालणार म्हणाला.

परवा सून श्रेया कपडे घ्यायला घरी आली तर वरून पीं-पीं आवाज येत होता. मला म्हणाली, "आबा, बंद करू का?" मी नको म्हणालो आणि अबुजरला बोलावलं. तो ऋतुराजच्याच कॉलेजात शिकवतो, दोघं शिकायलाही बरोबर होते. त्यानं उघडून पाहिलं. आतल्या प्रोसेसरवरचा पंखा बसलाय. तो बदलायचा तर मशीन बंद करावं लागंल.

"मग करू बंद, पंखा टाकू, परत चालू करू," मी म्हणालो.

"नाही जमणार काका. मधेच थांबवून तिथूनच पुढं न्यायची सोय त्यानं ठेवलेली नाही. मी बोललो होतो त्याला. 'पुढच्या खेपेला टाकतो' म्हणाला. आता बंद पडलं तर पहिल्यापासून."

काम किती झालं ते सांगणारी एक ओळ पडद्यावर आहे. तिच्यात एकतीस टक्के लिहिलंय.

तो शुद्धीवर आला की पहिलं हेच विचारणार. बंद पडलं, असं मी त्याला सांगायचं व्हय?

८ मे
मशीनची एका बाजूची झाकणी काढून समोर टेबलफॅन लावला. काही उपयोग नाही. खोली स्लॅबखाली, दुपारी भिंतीला हात लावला तर पोळतो. फॅन तीच गरम हवा फेकतो. ९५ झाला की मशीन स्वतःला वाचवायला आपोआप हळू होतं, असं अबुजर सांगतो. हळू झालं तरी चालेल, पण त्याच्याही वर गेला तर ते स्वतःच बंद होणार.

एसीचं विचारलं. वायरमन बघून गेला. या खोलीची वायर एसी पेलणार नाही, नवी ओढायची तर घराचा मेन बंद करावा लागंल. मेन बंद केला की मशीन बंद. यूपीएसवर ते घटकाभरच तग धरतं.

ऋतुराजची आई, आशा, सकाळपासून दवाखान्यात आहे. तिथं एका वेळी एकालाच आत सोडतात. मी पहिल्या दिवशी जाऊन आलो. तोंडात नळी, डोळे सुजून मिटलेले, डोकं पांढऱ्या पट्ट्यांत. मी त्याच्या पायाकडंच बघत राहिलो. आजही जायचं होतं, पण मशीनजवळ थांबायला कुणी नव्हतं.

१० मे
अबुजरनं बर्फाच्या पिशव्या आणल्या. प्रोसेसरवर पत्र्याच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो, उष्णता त्याच्यातून बाहेर पडते. त्याला दोन्ही बाजूंनी पिशव्या टेकवल्या. आकडा खाली यायला लागला. ब्याऐंशीवर आल्यावर मी आशाला फोन लावला.

"ब्याऐंशी झाला!"

"काय ब्याऐंशी? इथं तर नर्सनं काही सांगितलं नाय," ती म्हणाली. मग तिला उमगलं आणि तिनं फोन ठेवला.

थोड्या वेळानं पिशवीला बाहेरून घाम सुटला. एक थेंब ठोकळ्याच्या कडेला लोंबत होता. खाली ती हिरवी पाटी आणि तिच्यात वीज. तो थेंब पडला असता तर सगळं गेलं असतं. मी अंगातली बनियन काढून तिच्या टोकानं टिपला. डाव्या हातानं उजवं मनगट धरून टिपावा लागला.

पिशव्या काढल्या. परत ९४.

श्रेयाचा फोन आला. ऋतुराजला ताप आलाय. १०२. छातीत कफ झालाय म्हणाले.

१२ मे
दुपारी जेवताना एक गोष्ट ध्यानात आली. फ्रिजमधली बाटली ताटाशेजारी ठेवली की तिच्याखाली पाण्याचं वर्तुळ होतं. माठातल्या पाण्याचा पेला तसाच ठेवला तर खाली कोरडं. माठाचं पाणी गार असतं, पण घाम सुटावा इतकं नाही.

अबुजरला फोन केला. म्हणालो, माठातलं पाणी नळीनं त्या ठोकळ्याभोवती फिरवलं तर? त्यानं मला ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "लोग महागडे कूलर लावतात काका, पण आत पाणीच फिरवतात. करून बघू."

आशाला सांगितलं. ती आंघोळीपुरती घरी आली होती. ओल्या केसांनीच उभी होती.

"अवो, त्या डब्याला वारा घालीत बसलात, आन् पोरगं तिकडं एकटं पडलंय."

"एकटं कसं? तू हायेस, श्रेया हाय."

"तुम्ही नाय ना."

"मी जाऊन काय करणार तिथं, आशा? काचेतून बघणार. इथं मी काहीतरी करतोय तरी."

तिनं डबा भरला आणि निघून गेली.

१३ मे
औरंगपुऱ्यात जाऊन आलो. फ्रिज दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात तांब्याची नळी मिळाली, बोटानं वाकते अशी. कूलरचा लहान पंप, प्लॅस्टिकची नळी, वाळ्याची ताटी घेतली. कुंभाराकडून रांजण घेतला, नवा, टिचकी मारली की खणखणतो. दुकानदारानं विचारलं, काय बनवताय? मी म्हणालो, पोराच्या कॉम्प्युटरला गार करायचंय. तो हसला नाही. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऊन लागलंय.

परतीची रिक्षा दवाखान्यावरूनच गेली. उतरलो असतो, पण मांडीवर रांजण होता आणि नळी सांभाळायला हवी होती. वाकली की तिच्यात चीर पडते.

ताप आज १०१. उतरतोय.

१५ मे
काल दिवसभर जोडाजोडीत गेला. मी जन्मभर सिल्लोडला बाजार समितीत काट्यावर काम केलं. कापसाच्या गाड्या मोजणं वेगळं आणि हे वेगळं. नळी ठोकळ्याच्या आकारात वाकवायला लागलो तर दोन ठिकाणी चपटी झाली. परत औरंगपुरा. दुसऱ्या खेपेला नळीत वाळू भरून वाकवली, मग चपटी झाली नाही.

आधी मशीनला न लावता जमिनीवर पाणी सोडून बघितलं. पंप चालू केला, आणि जिथं तांब्याची नळी प्लॅस्टिकच्या नळीला जोडली होती तिथून कारंजं उडालं. पाणी थेट मशीनच्या वायरी लावलेल्या बोर्डाकडं धावलं. मी फरशीवर आडवा पडलो, अंगानं पाणी अडवलं. अबुजर ओरडला, "काका, हात मत लगाना!" आणि त्यानं पंपाची पिन उपटली. मी तसाच पडून राहिलो.  वर पडदा दिसत होता. एकतीसचे चाळीस झालेत. ते चालूच होतं.

अबुजर मला उठवताना म्हणाला, "काका, एक बोलू? रागावू नका. हे गेलं तर गेलं. तो परत करील. आप दवाखान्यात जा."

मी म्हणालो, "परत करील ना? मग त्याला करायला लागू नये म्हणूनच."

 त्यानं बोर्ड उचलून भिंतीला उंच टांगला.

१६ मे
झालं!

रांजण खिडकीबाहेर गच्चीच्या सावलीत, गोणपाट गुंडाळून. पंप पाणी वर ढकलतो, ते ठोकळ्याभोवती फिरून परत येतं आणि रांजणाच्या तोंडावर टांगलेल्या वाळ्यावरून ठिबकत आत पडतं. वाळ्यावर टेबलफॅनचा वारा. या कोरड्या हवेत पाणी असं गार होतं की बोट घातलं तर शहारा येतो. नळीला घाम नाही. जोडावर पट्टी आवळली, वरून एम-सील लावलं.

९४ वरून आकडा उतरत उतरत ७१ वर थांबला. अबुजरनं मला मिठी मारली. खोलीत वाळ्याचा वास पसरलाय.

वाटलं, हे ऋतुराजला दाखवायला पाहिजे. त्याला हसू येईल. मग म्हणंल, आबा, तुम्ही तर इंजिनिअर निघालात.

श्रेयाचा फोन आला तेव्हा मी आधी हेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं आबा." मग तिनं सांगितलं की ताप परत १०३ आहे, औषध बदललंय. मी म्हणालो, उतरंल. इथलाही उतरला ना.

१९ मे
रांजण पाणी लई पितो. वाळ्यावरून उडून जातं, त्याशिवाय गार कसं होणार? रोज कळशा ओतायच्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, ते सोडून टँकर. शेजारच्या लक्ष्मीबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोर कसंय?" मी म्हणालो, बरं आहे, एकोणसत्तरवर आहे. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या टाकीतल्या दोन बादल्या गच्चीवर आणून ठेवल्या.

टक्के बावन्न. निम्म्याच्या पुढं गेलो.

२१ मे
लाईट गेली. दुपारची भर उन्हाची वेळ. यूपीएस कुंईकुंई करायला लागला. अबुजर कॉलेजात, फोन उचलेना. पंप आणि फॅन यूपीएसवर नाहीत, म्हणजे मशीन चालू आणि पाणी बंद. ७५, ८०, ८७.

गच्चीवर गेलो. तांब्यानं रांजणातलं पाणी उपसून खिडकीतून वरच्या नळीच्या तोंडात हळूहळू ओतायला लागलो. ते आपोआप फिरून खाली यायचं. एका हातानं ओतायचं, दुसऱ्यानं वारा घालायचा. ९० ला थांबलं. पण यूपीएस किती टिकणार? तो आता एकसारखा ओरडत होता. मी देवाचं नाव घेतलं नाही, मी त्या यूपीएसलाच म्हणत होतो, थांब बाबा, जरा थांब, इतका वेळ थांबलास. हातात काही नव्हतं. तांब्या सोडून काहीच नव्हतं.

आणि लाईट आली.

मी गच्चीतच बसलो. फरशी भाजत होती तरी उठावंसं वाटेना. त्यातच आशाचा फोन. ती रडत होती. डॉक्टर म्हणाले, पोटरीला टाचणी टोचली तरी पाय हलवत नाही. मी म्हणालो, झोपेच्या औषधामुळं असणार. ती म्हणाली, झोपेचं औषध कधीच बंद केलंय.

मी सांगितलं, थकलाय तो. वेळ लागतो.

२३ मे
आशा आज तोंडावर बोलली. "तुम्ही घाबरता. म्हणून येत नाय."

मी म्हणालो, "घाबरतो व्हय मी? परवा लाईट गेली तेव्हा कोण होतं इथं?"

"त्या डब्याचं नका सांगू मला."

"त्याचं काम हाय ते! त्याचा जीव हाय त्याच्यात."

हे ऐकल्यावर ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच खाली बघितलं. श्रेया मधे पडली. म्हणाली, "राहू द्या आई. त्यांना करू द्या."

श्रेया समजूतदार आहे. तिला मशीनचं महत्त्व कळतं.

२५ मे
आज आशा दुपारीच घरी आली. श्रेयाला आणि तिला आत बोलावून डॉक्टर बराच वेळ बोलले म्हणे. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "तेच."

मग ती पहिल्यांदा वरच्या खोलीत आली. पदरानं तोंड पुसून खाली बसली. म्हणाली, "किती झालं?"

"अडुसष्ट टक्के."

"कसं चालतं हे?"

मी तिला सगळं समजावलं. पंप कुठं, पाणी कुठून जातं, वाळ्यावर का सोडतो, नळी वाळू भरून कशी वाकवली. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं इतकं बोलणं तिनं सलग कधी ऐकलं नसंल. मग गच्चीवर जाऊन तिनं रांजणाला तळहात लावला.

"गार हाय," म्हणाली.

मला लई बरं वाटलं. तिचा राग गेला. खाली उतरताना ती जिन्यात मधेच बसली होती, गुडघे दुखतात तिचे.

ताप आज नाही. मी विचारलं तेव्हा श्रेया म्हणाली, "नाही आबा. अंग गार आहे."

दोन्हीकडं उतार पडला.

२६ मे
हवा बदललीय. ढग येतात, पाऊस नाही, नुसतं चिकचिकतं. अशा हवेत पाणी उडत नाही, रांजण गार होत नाही. आकडा ८१ वर गेला. फॅन जवळ ओढला, वाळा बदलला. काही फरक नाही. आता हवेला मी काय करू? इतके दिवस एकेका गोष्टीवर काहीतरी सुचत होतं. आज बसून राहिलो.

सिल्लोडहून आप्पासाहेब आले, माझे थोरले भाऊ. वहिनी बरोबर, शिवाय दोन्ही पुतणे. गाडी करून आले. पेरणीच्या तयारीचे दिवस, ट्रॅक्टर शेतात उभा सोडून आले म्हणाले. कशासाठी, तर "सहज. लई दिवस झाले भेटून." आप्पांनी माझी सगळी जोडणी पाहिली. एरवी ते कशातही खोट काढतात. आज नुसतं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कळशी उचलून पाणी भरायला लागले.

संध्याकाळी श्रेया म्हणाली, "आबा, उद्या सकाळी तुम्ही दवाखान्यात यायचंच. अबुजरभाई थांबतील इथं."

"परवा येतो. उद्या नळाचा दिवस आहे, रांजण तळाला गेलाय."

"परवा नको आबा. उद्या."

तिनं माझा हात धरला होता. ती असा कधी धरत नाही. बरं म्हणालो.

२७ मे
जाऊन आलो.

सूज उतरलीय, डोक्याच्या पट्ट्याही काढल्यात. चेहरा त्याचा त्याला परत मिळालाय. कुणीतरी केस विंचरले होते, भांग उलट्या बाजूला पाडलेला. मी नीट केला. आज त्यांनी नियम सैल केला, सगळ्यांना एकदम आत सोडलं. मला, आशाला, श्रेयाला, आप्पांना, वहिनींना. नर्सनं मला बसायला खुर्ची आणून दिली. एवढी माणसं आत घेतात म्हणजे धोका टळला असणार, असं मी आप्पांना म्हणालो. आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

मी वाकून त्याच्या कानाशी बोललो. "ऋतुराज, मशीन चालू आहे बरं का. बंद पडू दिलं नाही. बहात्तर टक्के झालं. हवा दमट झालीय म्हणून जरा तापलंय, पण मी बघतो. तू घाई करू नकोस."

छाती वर-खाली होत होती, एकसारखी. श्वास चांगला चाललाय.

आशा त्याचे तळपाय चोळत होती. श्रेया त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली, काय ते मी ऐकलं नाही, नवराबायकोचं बोलणं. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "अजून कुणी यायचं राहिलंय का?" आप्पा म्हणाले, नाही.

मी निघालो तेव्हा आशा म्हणाली, "आजच्या दिवस थांबा ना."

"नळाला पाणी येऊन जाईल, आशा. संध्याकाळी परत येतो की."

पुतण्यानं घरी आणून सोडलं. पाणी आलं होतं. टाकी भरली, रांजण भरला, बादल्या भरल्या. आकडा ७९. अबुजर माझ्याशी नीट बोलला नाही, सारखा फोन घेऊन गच्चीवर जातो. त्याच्या घरी काही झालं का, विचारलं पाहिजे.

आत्ता तो आलाय. दारात उभा आहे, चपला न काढता. काहीतरी सांगायचंय त्याला. बघतो.

९ जून
काल तेरावा झाला.

इतके दिवस डायरीला हात लावला नाही. वरच्या खोलीतही गेलो नाही. माणसं येत होती, सतरंजीवर बसत होती, जात होती. मला कुणी काही विचारलं तर मी मान हलवायचो.

आज सगळे गेल्यावर आशाला विचारलं, "तुम्हा दोघींना कधी कळलं?"

"शनिवारी. मेंदू गेलाय म्हणाले. नुसतं मशीन श्वास देतंय, म्हणाले. सोमवारी काढू, तोवर कुणाला भेटायचं त्यांनी भेटून घ्या."

"मला का नाय सांगितलं?"

ती भांडी पुसत होती. पुसतच म्हणाली, "मी त्याच दिवशी वर आले होते सांगायला. तुम्ही पंपाचं सांगायला लागला. तुमचं तोंड बघून मला व्हईना."

तिनं पुसलेली वाटी फळीवर ठेवली.

"श्रेया म्हणाली, निदान भेट तरी झाली पाहिजे. तिनंच तुम्हाला आणलं. नायतर तुम्ही आलाच नसता."

व्हय. आलो नसतो. आलो तोसुद्धा पाण्यासाठी परत गेलो. त्या वेळी मी रांजण भरत होतो. नेमका त्याच वेळी.

आशानं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तिनं माझ्या पुढ्यात ताट सरकवलं आणि शेजारी बसली.

१० जून
आज वर गेलो. मला वाटलं होतं, बंद पडलं असणार. आवाज येत होता. पंप चालू, वाळ्यावरून पाणी ठिबकतंय, रांजण काठोकाठ. पडदा ९७ टक्के दाखवतोय.

श्रेया खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "हे कोण बघत होतं?"

"मी आणि अबुजरभाई. मी रोज पाणी घालत होते."

"कशासाठी, बाई? आता कशासाठी?"

तिनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "अबुजरभाईंनी विचारलं होतं त्या दिवशी, बंद करू का. मला दोनदा बंद करा म्हणता येईना, आबा. सकाळी एकदा म्हटलं होतं."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. दोघंही आकड्याकडं बघत राहिलो. एवढ्या दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू जेवलीस का. आज विचारलं. नाही म्हणाली. खाली जाऊन आशाला सांगितलं, तिनं भाकरी टाकली. तिघांनी वरच्या खोलीतच खाल्लं, त्या घरघरीत.

१२ जून
आज संपलं.

अबुजर कॉलेजातून थेट आला होता. आशाही वर आली. नव्व्याण्णव बराच वेळ होतं. मग ती ओळच गेली, खाली इंग्रजीत काहीतरी आलं, आणि मशीनचा आवाज हळूहळू बसला. मी घाबरून उठलो. अबुजर म्हणाला, "बैठो काका. बंद नाही पडलं. काम झालं त्याचं."

त्यानं पुढं सरकून ते उघडलं. आकडेच आकडे. खाली सरकवत राहिला, संपेनात. त्यातला एकही मला कळला नाही. ऋतुराज एवढं घेऊन फिरत होता डोक्यात, आणि जेवताना मला म्हणायचा, आबा, लोणचं द्या.

"बरोबर आलंय का?" श्रेयानं विचारलं.

अबुजर कितीतरी वेळ पडद्याकडं बघत होता. त्यानं चष्मा काढला.

"आकडे तर सगळे आलेत, वहिनी. त्याच्या पीएच.डी.च्या सरांना देतो, आम्ही सगळे मिळून बसू. पण त्यानं कुठं काय गृहीत धरलं होतं, ते बरंच त्याच्या मनात होतं. बरोबर आलंय की कुठं चुकलंय, ते बघितल्या-बघितल्या त्यालाच कळलं असतं. मला नाही सांगता येत."

 आशा म्हणाली, "पण झालं ना पुरं?"

"झालं काकू. पुरं झालं."

त्यानं ते सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं आणि श्रेयाच्या हातात एक लहानशी डिस्क दिली. तिनं ती कुठं ठेवायची ते न कळून हातातच धरली.

मी सवयीनं आकडा बघितला. ४४. मग ४१. मग ३८. एवढा खाली मी तो कधी पाहिला नव्हता. त्यासाठी मी काय काय केलं असतं.

आता पंपाचं काही काम नाही. मी उठून पिनेला हात घातला. श्रेयानं माझ्याकडं बघितलं, आशानंही. मी हात काढला. गच्चीवर गेलो. वाळा कडेनं सुकत आला होता. बादलीत पाणी होतं, ते रांजणात ओतलं.